घरी शिकणाऱ्या मुलांसाठी सूक्ष्मदर्शक

मुलाच्या वाढदिवसानिमित्त घरात एक रंगीत खोके येते. त्यावर "१२०० पट" असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. आत प्लास्टिकचे एक छोटे यंत्र, चारदोन काचपट्ट्या, एक चिमटा व एक इवलासा दिवा असतो. वडील यंत्र मांडतात आणि मूल डोळा लावते. त्याला दिसतात ते बहुधा स्वतःच्याच पापण्यांचे केस आणि त्यांच्या पलीकडे थरथरणारा एक करडा डाग. "दिसले का?" असे वडील विचारतात. त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून मूल "दिसले" असे सांगते. चार दिवसांनी ते खोके कपाटाच्या माथ्यावर जाते, ते कायमचेच.

यात पैसे वाया जातात, पण ते नुकसान त्या मानाने लहान होय. न पाहिलेले "पाहिले" म्हणण्याचा पहिला पाठ त्या मुलाने गिरविलेला असतो, हे नुकसान मोठे. शिवाय, इतरांना जे दिसते ते आपल्याला दिसत नाही, तेव्हा उणीव आपल्यातच असली पाहिजे, अशी समजूतही त्याच्या मनात घर करते. शाळेतील मुलाला निदान दुसऱ्या बाकावरील यंत्रात डोकावता येते आणि शिक्षकांना विचारता येते. जी मुले घरीच शिकतात, उदाहरणार्थ राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांची तयारी करणारी, किंवा ज्यांच्या शाळेत प्रयोगशाळाच नाही अशी, त्यांना ही सोय नसते. त्यांच्यासमोर जे यंत्र असेल तेच सूक्ष्मदर्शक म्हणून कायमचे ठसते. म्हणून बेताच्या पैशांत का होईना, पण ज्यातून खरोखर दिसते असे उपकरण कसे निवडावे, एवढाच विचार प्रस्तुत पुस्तिकेत केला आहे.

किती पट, की किती स्पष्ट?

विकणारा सांगतो तो आकडा विवर्धनाचा, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते याचा असतो. परंतु मोठे दिसणे आणि अधिक दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्तमानपत्रात छापलेले छायाचित्र भिंगातून पाहावे. साध्या डोळ्याला जो चेहरा दिसतो, तो भिंगाखाली शाईच्या ठिपक्यांचा समूह असल्याचे कळते. आता ते चित्र कितीही मोठे करून भिंतीएवढे केले तरी चेहऱ्यावरील एकही नवी सुरकुती त्यात दिसणार नाही. ठिपके मात्र मोठे होत जातील. सूक्ष्मदर्शकाचेही असेच आहे. वस्तूजवळच्या भिंगाने, म्हणजे वस्तुभिंगाने, जेवढा तपशील टिपला असेल तेवढाच डोळ्याजवळचे नेत्रभिंग मोठा करून दाखवू शकते. त्यात भर घालण्याचे सामर्थ्य नेत्रभिंगात नसते.

तपशील टिपण्याच्या या शक्तीला विभेदनक्षमता म्हणतात. एकमेकांना अगदी लागून असलेले दोन बिंदू दोन म्हणून वेगळे दाखविता येणे, हे तिचे गमक होय. तिला मर्यादा का पडते, याचे शास्त्रीय विवेचन जर्मनीतील येना येथील एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली केले. प्रकाश हा तरंगरूप असल्यामुळे बारीक तपशिलांवरून जाताना तो पसरतो. हा पसरलेला प्रकाश जितक्या रुंद कोनातून भिंगात शिरू शकेल, तितका तपशील प्रतिमेत उतरतो. भिंगाची ही ग्रहणशक्ती दर्शविणारी संख्या प्रत्येक चांगल्या वस्तुभिंगावर कोरलेली असते. तिला येथे आपण छिद्रांक म्हणू. भिंगावर "४०/०.६५" असे लिहिलेले असेल तर ४० हे विवर्धन आणि ०.६५ हा छिद्रांक समजावा.

या संख्येचा उपयोग असा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून किंचित अधिक असते. तिला छिद्रांकाने भागावे आणि आलेल्या संख्येचे सहा-दशांश घ्यावे. तेवढ्या अंतरावरील दोन बिंदू त्या भिंगाला वेगळे दाखविता येतात. ०.६५ छिद्रांकासाठी हे अंतर सुमारे अर्धा मायक्रॉन येते. दहा पटीच्या भिंगाचा छिद्रांक बहुधा ०.२५ असतो, त्यासाठी ते १.३ मायक्रॉन येते. चार पटीच्या, ०.१० छिद्रांकाच्या भिंगासाठी ते साडेतीन मायक्रॉनच्या आसपास असते. अनुभवाने असे ठरले आहे की, एकूण विवर्धन छिद्रांकाच्या पाचशे ते हजार पटींच्या दरम्यान ठेवावे. ०.६५ च्या भिंगाला ही मर्यादा ३२५ ते ६५० पट इतकी पडते. चाळीस पटीचे वस्तुभिंग आणि दहा पटीचे नेत्रभिंग मिळून ४०० पट विवर्धन होते, ते या मर्यादेत नीट बसते. त्याच नळीत पंचवीस पटीचे नेत्रभिंग घातले तर खोक्यावर "१००० पट" असे लिहिता येईल, परंतु डोळ्याला मिळेल ते रिकामे विवर्धन. शिवाय विवर्धन दुप्पट केले की प्रतिमेचा उजेड एक-चतुर्थांश होतो, हेही विसरून चालणार नाही. स्वस्त यंत्रातील तो करडा डाग बहुशः अशाच कारणाने उत्पन्न होतो. त्याची वस्तुभिंगे टाचणीच्या डोक्याएवढ्या प्लास्टिकची असतात आणि त्यांच्यावर छिद्रांक कोरलेलाच नसतो. ज्या भिंगावर ही संख्या नाही, ते घेऊ नये असा कडक नियम पालकांनी पाळला तरी अर्धी फसवणूक टळेल.

शंभर पटीचे वस्तुभिंग असलेली यंत्रेही "१००० पट" म्हणून विकली जातात आणि ती खोटी नसतात. त्यांचा छिद्रांक १.२५ असतो. पण तो प्रत्यक्षात मिळावा म्हणून भिंग व काचपट्टी यांच्यामध्ये विशिष्ट तेलाचा थेंब घालावा लागतो, भिंग काचेला जवळजवळ टेकवावे लागते आणि दर वेळी ते पुसावे लागते. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती हे भिंग देण्यापेक्षा त्याचे पैसे वाचवावेत आणि चाळीस पटीचे भिंग अधिक चांगले घ्यावे, असे आमचे मत आहे.

पहिली पायरी: साधे भिंग

सात-आठ वर्षांच्या आतील मुलाला संयुक्त सूक्ष्मदर्शक देण्याची घाई करू नये. एक डोळा मिटून दुसरा नळीवर स्थिर ठेवणे, प्रतिमा उलटी दिसते आणि काचपट्टी डावीकडे सरकविली की ती उजवीकडे पळते हे समजून घेणे, या गोष्टी त्या वयात जड जातात. त्याच्यासाठी सराफ किंवा घड्याळजी वापरतात तसे दहा पटीचे भिंग उत्तम. ते काचेचे असावे, प्लास्टिकचे नको. मोठ्या मुठीची, हातभर लांबून वर्तमानपत्र वाचावयाची जी भिंगे असतात, ती दोन-तीन पटींहून अधिक मोठे दाखवीत नाहीत. दहा पटीच्या भिंगाचे केंद्रांतर अवघे अडीच सेंटिमीटर असते. म्हणून ते डोळ्याशी लावावयाचे असते, आणि मग वस्तू उचलून हळूहळू त्याच्याजवळ आणावयाची असते. मुले, आणि मोठी माणसेही, नेमके याच्या उलट करतात. हा एक बारकावा शिकविला की मुंगीच्या डोळ्यांपासून तांदळातल्या किड्याच्या सोंडेपर्यंत सारे जग उघडे होते.

साध्या भिंगाला कमी लेखण्याचे कारण नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी आंतोनी फान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी आपले सर्व शोध एकाच इवल्याशा भिंगाच्या साहाय्याने लावले. तलावाच्या पाण्यातील हिरवे तंतू आणि सूक्ष्म जीव त्यांनी १६७४ साली पाहिले. १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठविलेल्या पत्रात त्यांनी ज्या अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन केले, त्यांत जीवाणूही होते असे आज मानले जाते. त्यांच्या हातची जी थोडी यंत्रे शिल्लक आहेत, त्यांपैकी उत्रेख्त येथील यंत्र सुमारे २७० पट मोठे दाखविते. रॉबर्ट हूक यांच्याजवळ अनेक भिंगांचे संयुक्त यंत्र होते. त्यातून बुचाच्या कापाचे निरीक्षण करून त्यांनी १६६५ साली पेशींचे चित्र प्रसिद्ध केले. पण एकेरी भिंग अधिक स्पष्ट दाखविते, वापरावयास मात्र फार त्रासाचे असते, अशी कबुली त्यांनीही दिली आहे. संयुक्त यंत्रातील भिंगे प्रतिमेला रंगीत कडा आणीत, हा त्या काळी मोठा दोष होता. तो दूर करणाऱ्या अवर्णी भिंगांची रचना शास्त्रशुद्ध पायावर आली, ती जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्या १८३० च्या निबंधानंतर. आज विद्यार्थ्यांच्या साध्या यंत्रातही अवर्णी भिंगे असतात. खेळण्यातल्या यंत्रात ती नसतात.

लेव्हेनहूक यांच्याच मार्गाने जाणारे एक नवे साधन आता उपलब्ध झाले आहे. मेरठ येथे जन्मलेले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे मनू प्रकाश व त्यांचे सहकारी यांनी कागदाच्या घड्या घालून तयार होणारा "फोल्डस्कोप" बनविला. त्याविषयीचा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात काचेच्या मण्यासारखे एकच भिंग असते, विवर्धन सुमारे १४० पट असते आणि सुमारे दोन मायक्रॉनपर्यंतचा तपशील दिसू शकतो. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही त्याच्या प्रसारासाठी सहकार्य केले आहे. हे साधन खिशात मावते, पाण्यात पडले तरी बिघडत नाही आणि तळ्याच्या काठी नेता येते. त्याची किंमत काही शेकड्यांत असल्याने चूक झाली तरी परवडते. त्याची अडचण हूक यांनी सांगितली तीच. डोळा भिंगाला जवळजवळ चिकटवावा लागतो, कागद बोटांनी किंचित वाकवून प्रतिमा स्पष्ट करावी लागते, आणि एकाला सापडलेला जीव दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत निसटतो. दहा-अकरा वर्षांच्या धीराच्या मुलाला तो शोभतो, उतावळ्याला नाही. पडद्यावर चित्र दाखविणारी, संगणकाला जोडावयाची छोटी यंत्रेही बाजारात आहेत. नाणे, कापडाची वीण, पान, किड्याचा पंख अशा वस्तू साऱ्या घराने एकत्र पाहण्यास ती सोयीची असतात. त्यांच्यावर लिहिलेल्या पाचशे किंवा हजार पटींत पडद्याचा आकारही धरलेला असतो, एवढे लक्षात ठेवावे म्हणजे झाले. पेशीच्या आतले पाहण्यासाठी ती नव्हेत.

मधली आणखी एक पायरी भारतातील शाळांना फार वर्षे परिचित आहे, पण घरांना नाही. ती म्हणजे विच्छेदन-सूक्ष्मदर्शक. एका लहान स्तंभावर दहा किंवा वीस पटीचे साधे भिंग, खाली काचेचा मंच आणि त्याखाली आरसा, एवढीच त्याची रचना. प्रतिमा सुलटी दिसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे जास्वंदीचे फूल सुईने उकलून पाहता येते. किंमत संयुक्त यंत्राहून पुष्कळ कमी असते. दोन्ही डोळ्यांनी पाहावयाचा वीस पटीचा द्विनेत्री सूक्ष्मदर्शक याहून कितीतरी सरस, कारण त्यात खोलीही कळते. पण त्याला खर्च अधिक येतो.

संयुक्त सूक्ष्मदर्शक घेताना

दहा-बारा वर्षांच्या मुलाला पेशी पाहावयाच्या झाल्या की संयुक्त यंत्राला पर्याय नाही. हरियाणातील अंबाला हे शहर शास्त्रीय उपकरणांच्या निर्मितीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. शाळा-महाविद्यालयांना पुरविली जाणारी साधी विद्यार्थी-यंत्रे तेथून सर्वत्र जातात. ती दिसावयास जुन्या वळणाची, लोखंडी बैठकीची, बहुधा काळी किंवा पांढरी असतात, आणि मुलांना प्रथमदर्शनी आकर्षक वाटत नाहीत. तरी रंगीत खोक्यातील मोठ्या खेळण्याच्या किमतीत थोडी भर घातली तर यांपैकी एखादे मिळू शकते. दुकानातील शोभिवंत वस्तू टाळून हेच घ्यावे.

पाहावयाचे ते असे. वस्तुभिंगे काचेची असावीत आणि ती प्रमाणित आट्यांची असावीत. या आट्यांचा व्यास २०.३२ मिलिमीटर असतो, आणि हे माप एकोणिसाव्या शतकापासून जगभर चालत आले आहे. त्यामुळे एखादे भिंग पुढे बिघडले तर दुसऱ्या निर्मात्याचे बसविता येते. चार, दहा व चाळीस पटींची तीन भिंगे असली की पुरे. दोनच परवडत असतील तर दहा व चाळीस घ्यावीत. चाळीस पटीच्या भिंगाचे टोक दाबले असता आत जाणारे, स्प्रिंगचे असावे. ते काचपट्टीपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येत असल्याने मुलाच्या हातून ते काचेवर आपटणार, हे गृहीतच धरावे. प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी स्थूल व सूक्ष्म असे दोन स्क्रू हवेत. चाळीस पटीला सूक्ष्म स्क्रू नसेल तर मूल एक मायक्रॉन हलविण्याऐवजी शंभर मायक्रॉन हलवील, आणि पुन्हा तोच करडा डाग.

मंचाखालील संग्राहक भिंग आणि प्रकाश कमीजास्त करणारा पडदा यांच्याकडे ग्राहकाचे लक्ष बहुधा जात नाही. वस्तुतः प्रतिमेचे निम्मे यश तेथे असते. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाण्यासारखी पारदर्शक असते. तिच्यावर भरपूर उजेड ओतला तर ती त्या उजेडात बुडून जाते, आणि पडदा जरा मिटताच तिच्या भिंती व केंद्रक उठून दिसू लागतात. "अंधुक दिसते, दिवा मोठा करू" असे ज्याला वाटते त्याला एकदा हा प्रयोग करून दाखवावा. फार मिटला तर तपशील पुसट होतो. मधली जागा प्रत्येक वस्तूसाठी हाताने शोधावी लागते, आणि मुले ती लवकर शोधतात.

प्रकाशासाठी आरसा घ्यावा की विजेचा दिवा? दिव्याचे यंत्र सोयीचे असते आणि प्रकाश एकसारखा राहतो. जेथे वीज वारंवार जाते तेथे आरसाच भरवशाचा. शक्य असल्यास दोन्ही बसविता येतील असे यंत्र घ्यावे. आरसा खिडकीकडे, मोकळ्या किंवा ढगाळ आकाशाकडे वळवावा. प्रत्यक्ष सूर्याकडे तो कधीही, क्षणभरही, वळवू नये. संग्राहक भिंगातून आलेले ऊन डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकते. लहान मुलाला आरशाचे यंत्र देताना ते ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवू नये, नुसते बजावून भागत नाही.

एक डोळ्याचे यंत्र घ्यावे की दोन नळ्यांचे, याचा फार विचार नको. दोन नळ्यांनी डोळ्यांना आराम मिळतो, परंतु प्रतिमा एकाच वस्तुभिंगाची असल्याने अधिक काही दिसत नाही. लहान मुलाच्या डोळ्यांतील अंतर कित्येकदा त्या नळ्यांना जुळतही नाही. त्याच पैशांत चांगली भिंगे मिळत असतील तर एकच नळी बरी. मोबाइल दूरध्वनीचा कॅमेरा नेत्रभिंगावर टेकविला की घरातील सर्वांना तीच प्रतिमा पाहता येते. मुलाला खरोखर काय दिसत आहे, हे पालकांना कळण्याचाही हाच सोपा मार्ग होय.

दुकानात करावयाची परीक्षा

यंत्र विकत घेण्यापूर्वी स्वतःची एक काचपट्टी बरोबर न्यावी. घरात मरून पडलेल्या पतंगाच्या पंखावरील भुकटी बोटाने काचेवर टेकविली आणि वर आच्छादन-काच ठेवून कडा चिकटवल्या की पट्टी तयार होते. ही भुकटी म्हणजे खवले असून त्यांवर बारीक समांतर रेषा असतात. दहा पटीच्या भिंगाने खवल्याची कड रेखीव दिसली पाहिजे. चाळीस पटीने रेषा दिसू लागल्या तर भिंग चांगले समजावे. कडेभोवती निळी-तांबडी झालर ठळक दिसत असेल तर भिंग अवर्णी नाही. मग प्रतिमा स्पष्ट करून यंत्राला हात न लावता दोन मिनिटे थांबावे. तेवढ्यात प्रतिमा पुसट झाली तर नळी किंवा मंच आपल्या भाराने खाली सरकत आहे. ही खोड पुढे वाढतच जाते. दहावरून चाळीसवर जाताना वस्तू दृष्टिक्षेत्रातून नाहीशी होता कामा नये, आणि सूक्ष्म स्क्रू थोडासा फिरविताच ती पुन्हा स्पष्ट झाली पाहिजे. टेबलावर हलकी टिचकी मारावी. प्रतिमा कितीतरी वेळ नाचत राहिली तर बैठक हलकी आहे.

महाविद्यालयांनी काढून टाकलेली जुनी यंत्रे कधी कधी फार स्वस्त मिळतात, आणि त्यांची भिंगे नव्या साध्या यंत्रांहून चांगली असू शकतात. मात्र आपल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. वस्तुभिंग काढून, उजेडाकडे धरून, त्याच्या मागच्या बाजूने दहा पटीच्या भिंगातून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर सौदा सोडून द्यावा. दृष्टिक्षेत्रातील डाग नेत्रभिंग फिरविल्याने फिरत असेल तर धूळ नेत्रभिंगावर आहे. ती पुसता येते, तेवढ्यासाठी यंत्र नाकारू नये.

यंत्राबरोबर लागणारे सामान थोडे असते. पंचवीस-तीस काचपट्ट्या, आच्छादन-काचांची एक डबी, ड्रॉपर, दोन सुया व चिमटा. आच्छादन-काच ही चैन नव्हे. चाळीस पटीचे भिंग ०.१७ मिलिमीटर जाडीची काच वर आहे असे धरूनच घडविलेले असते, आणि तिच्यावाचून थेंबाचे पाणी भिंगाला लागते. रंगद्रव्यांपैकी मेथिलीन ब्लू हे मासे पाळणाऱ्यांसाठी असलेल्या दुकानात मिळते, आयोडीनचे द्रावण औषधाच्या दुकानात. दोन्ही पाण्याने पुष्कळ सौम्य करून वापरावीत आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली ठेवावीत. तयार काचपट्ट्यांचा संच मात्र आरंभी मुळीच घेऊ नये. दुसऱ्याने कापलेल्या, रंगविलेल्या पट्ट्या पाहून मुलाला आपण चित्रे पाहत आहोत असेच वाटते.

पहिल्या दिवशी काय दाखवावे

पहिली वस्तू मुलाच्या ओळखीची असावी. छापलेल्या कागदावरील "अ" हे अक्षर चार पटीच्या भिंगाखाली ठेवावे. ते उलटे दिसते, आणि शाईच्या कडा किती ओबडधोबड असतात हे कळते. मग पारदर्शक मोजपट्टी ठेवावी. साध्या नेत्रभिंगात दिसणारे वर्तुळ बहुधा १८ मिलिमीटरचे धरतात. त्याला वस्तुभिंगाच्या विवर्धनाने भागले की दृष्टिक्षेत्राचा खरा व्यास निघतो: चार पटीला साडेचार मिलिमीटर, दहाला १.८, चाळीसला ०.४५. मोजपट्टीवर मुलाने साडेचार रेघा स्वतः मोजल्या की हा आकडा त्याचा स्वतःचा होतो. पुढे कांद्याच्या पापुद्र्यातील पाच पेशी लांबीने १.८ मिलिमीटरच्या वर्तुळात मावल्या, तर एक पेशी ०.३६ मिलिमीटर लांब, हे त्याने कोणालाही न विचारता काढलेले असते. पाहणे आणि मोजणे यांची अशी सांगड पहिल्याच आठवड्यात घालता येते, आणि तिला एक पैचाही खर्च नाही.

कांद्याचा पापुद्रा घेताना दोन पाकळ्यांमधील आतल्या बाजूची पातळ त्वचा घ्यावी. तो एकाच थराचा असावा, कारण चाळीस पटीच्या भिंगाला एका वेळी एखाद-दोन मायक्रॉन जाडीचाच भाग स्पष्ट दाखविता येतो. बटाट्याचा ताजा काप काचेवर घासला की स्टार्चचे शिंपल्यासारखे कण मिळतात. आयोडीनचा थेंब कडेने सोडताच ते एकामागून एक निळे होत जातात. जास्वंदीचा परागकण सुमारे एक-दशांश मिलिमीटरचा, सर्वांगी काटे असलेला असतो. तो चार पटीच्या भिंगानेही मुलाला हसविल्याशिवाय राहत नाही. तळ्यात किंवा मत्स्यपात्रात वाढणाऱ्या हायड्रिला या वनस्पतीचे पान अवघ्या दोन थरांचे असते, त्यामुळे ते न कापता तसेच पाहता येते. उबदार उजेडात काही मिनिटे ठेवल्यावर पेशीच्या भिंतीलगत हिरवे कण हळूहळू फिरू लागतात. ते फिरताना पाहिलेले मूल घरातल्या प्रत्येकाला ओढून आणते. तेथे "दिसले का?" असे विचारण्याची पाळी पालकांवर येत नाही.

तळ्यातील पाण्याचा थेंब घेताना तळाशी कुजलेल्या पानांजवळचे पाणी घ्यावे, वरचे स्वच्छ पाणी नको. पॅरामीशियमसारखे जीव ०.२ ते ०.३ मिलिमीटर लांब असतात. ते चार पटीला ठिपक्यांसारखे धावताना आणि दहा पटीला आकारासह दिसतात. थेंबात कापसाचे चार तंतू टाकले की त्यांच्या जाळ्यात ते अडकून राहतात. दह्यातील जीवाणू मात्र मुलाच्या धीराची परीक्षा पाहतात. दह्याच्या पाण्याचा पातळ थर काचेवर वाळवून, मेथिलीन ब्लूने रंगवून, हलक्या हाताने धुऊन चाळीस पटीने पाहिले असता बारीक निळ्या काड्या व ठिपके दिसतात. ही आपल्या यंत्राची जवळजवळ शेवटची सीमा. प्रथम काहीच न दिसणे शक्य आहे, आणि तसे मुलाने सांगितले तर ते तसेच वहीत लिहू द्यावे. दह्यापलीकडे जाऊन जीवाणू घरी वाढविण्याचे प्रयोग करू नयेत, आणि बोटाला टोचून रक्त पाहण्याच्या भरीस मुलांनी एकट्याने पडू नये. गालाच्या आतील पेशी स्वच्छ कापसाच्या काडीने सहज मिळतात. काडी नंतर टाकून द्यावी.

यंत्राची निगा

भिंगे धोतराच्या किंवा ओढणीच्या टोकाने पुसू नयेत. प्रथम धूळ फुंकणीने उडवावी, मग भिंगासाठी मिळणारा मऊ कागद वापरावा. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीवर, ईशान्येकडील राज्यांत आणि बंगालमध्ये, यंत्र चामड्याच्या किंवा लाकडाच्या बंद पेटीत ठेवणे म्हणजे बुरशीला निमंत्रण देणे होय. वस्तुभिंगे व नेत्रभिंग काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि मोकळ्या झालेल्या छिद्रांवर टोपणे लावावीत. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. यंत्राचा सांगाडा हवेशीर जागी, सुती कापडाने झाकून ठेवला तरी चालतो. तोही मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवावा. आठवड्यातून एकदोनदा उजेडात येणाऱ्या भिंगांवर बुरशी क्वचितच धरते.